कॅलिफोर्नियातील करविषयक प्रस्तावांवर मत देण्यापूर्वीची तयारी

कॅलिफोर्नियातील मतपत्रिका उमेदवारांच्या नावांपाशी संपत नाही. राज्य, काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग), शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्ट (सार्वजनिक शाळा चालवणारी स्थानिक संस्था) यांचे करविषयक प्रस्तावही तिच्यात असतात आणि त्यांचा निकाल थेट मतदारच लावतात. आपल्याकडे कर विधिमंडळात किंवा महापालिकेच्या सभागृहात ठरतो, त्यामुळे भारतातून येऊन येथील नागरिक झालेल्यांना ही जबाबदारी नवीन असते. मतपत्रिका टपालाने घरी आली की प्रथम राज्याची अधिकृत मतदार माहिती पुस्तिका आणि काउंटीची पुस्तिका या दोन्ही शोधून ठेवाव्यात. राज्याची पुस्तिका हिंदीतही मिळते. घरातील ज्येष्ठ मतदारांसाठी ती मागवून घ्यावी.

वाचनाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रस्तावाच्या शीर्षकावरून मत बनवू नये. २०१८ च्या प्रॉप ६ चा (प्रॉप म्हणजे प्रपोझिशन, राज्याचा क्रमांकित प्रस्ताव) हेतू २०१७ मध्ये वाढवलेला पेट्रोलवरील कर रद्द करण्याचा होता, परंतु ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयाने दिलेल्या शीर्षकाची सुरुवात रस्तेदुरुस्तीचा निधी बंद होण्यापासून झाली होती. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, पण आधी कोणती वाचली यावर मत फिरू शकते. म्हणून राज्याच्या प्रस्तावांसाठी विधिमंडळाच्या स्वतंत्र विश्लेषक कार्यालयाने केलेले विवेचन, आणि स्थानिक प्रस्तावांसाठी काउंटी किंवा शहराच्या वकिलाने लिहिलेले निःपक्ष विश्लेषण आधी वाचावे. ‘हो’ म्हटल्यास काय होईल आणि ‘नाही’ म्हटल्यास काय होईल, हे आपल्या शब्दांत एका ओळीत लिहिता आले नाही, तर ते पुन्हा वाचावे. समर्थक आणि विरोधकांचे युक्तिवाद शेवटी वाचावेत; टपालपेटीत येणारी रंगीत पत्रके वाचली नाहीत तरी चालेल.

त्यानंतर कर सर्वसाधारण आहे की विशिष्ट कामासाठीचा, हे पाहावे. शहराने मांडलेला सर्वसाधारण कर साध्या बहुमताने मंजूर होतो आणि त्याचा पैसा सर्वसाधारण निधीत जातो. मतपत्रिकेवर खड्डे, अग्निशमन दल, ग्रंथालये अशी आकर्षक यादी छापलेली असली तरी ती नगर परिषदेवर बंधनकारक नसते. प्रशासनाने मांडलेल्या विशिष्ट कराला मात्र दोन-तृतीयांश मते लागतात आणि तो पैसा ठरलेल्या कामावरच खर्च करावा लागतो. माझ्या मते स्थानिक प्रस्तावांत सर्वाधिक फसगत होते ती इथेच, कारण मतदार कामांच्या त्या यादीला मत देतात आणि मंजूर होतो तो केवळ कर.

कर्जरोख्यांचा, म्हणजे बॉण्डचा, प्रस्ताव असेल तर राज्याचा आणि स्थानिक यांतील फरक लक्षात घ्यावा. राज्याचे सर्वसाधारण बॉण्ड सामान्यतः राज्याच्या चालू महसुलातून फेडले जातात; शाळांचे आणि शहरांचे बॉण्ड बहुधा मालमत्ता करात भर घालून फेडले जातात. स्थानिक बॉण्डसोबत करदराचे निवेदन असते आणि त्यात दर एक लाख डॉलर मूल्यामागे किती कर पडेल याचा अंदाज दिलेला असतो. तो दर ३० डॉलर असेल आणि असेसरने (काउंटीच्या करमूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) घराचे मूल्य ८ लाख डॉलर धरले असेल, तर वर्षाला २४० डॉलर द्यावे लागतील. येथे बाजारभाव नव्हे, तर कराच्या बिलावरील मूल्य घ्यायचे. १९७८ च्या प्रॉप १३ मुळे हे मूल्य एरवी वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते आणि घर विकले गेले की नव्याने ठरते. साहजिकच अलीकडे घर घेतलेल्या कुटुंबावर त्याच बॉण्डचा भार चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या शेजाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक पडतो. व्याजासह एकूण किती रक्कम फेडायची आहे, तो आकडाही त्याच निवेदनात शोधावा. पार्सल टॅक्स, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक नोंदलेल्या तुकड्यावरील कर, घराच्या मूल्यावर अवलंबून नसतो. शाळांच्या अशा करात ६५ वर्षांवरील घरमालकांना अनेकदा सूट असते, पण ती अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.

मुदत स्वतंत्रपणे तपासावी. ‘मतदार रद्द करीपर्यंत’ असे लिहिलेले असल्यास कराला शेवटची तारीख नाही, असे समजावे. तारीख असली तरी मुदतवाढ होऊ शकते: २०१२ च्या प्रॉप ३० ने उच्च उत्पन्नावर लावलेला तात्पुरता कर २०१६ च्या प्रॉप ५५ ने २०३० पर्यंत वाढवला, विक्रीकरातील पाव टक्क्याची वाढ मात्र ठरल्याप्रमाणे संपली.

एकाच प्रस्तावात दोन व्यवहार बांधलेले नाहीत ना, हेही पाहावे. २०२० च्या प्रॉप १९ ने ५५ वर्षांवरील घरमालकांना जुने करमूल्य नव्या घरी नेण्याची सोय वाढवली, आणि त्याच वेळी आईवडिलांचे घर मुलांकडे जाताना मिळणारी करमूल्याची सवलत मुले तेथे स्वतः राहत असतील तरच, तीही मर्यादेत, मिळेल असे ठरवले.

एखादा प्रस्ताव शेवटपर्यंत उलगडला नाही, तर तो रकाना कोरा सोडता येतो आणि बाकीची मते वैध राहतात. मात्र कोरा रकाना ‘नाही’ म्हणून धरला जात नाही; दोन-तृतीयांशाचा हिशेबही त्या प्रस्तावावर प्रत्यक्ष पडलेल्या मतांवरच होतो.