शस्त्रक्रियेआधी पोषणाची तयारी कशी करावी

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रक्ततपासणी, एक्स-रे, ईसीजी सगळे होते. वजन किती उतरले हे मात्र पुष्कळदा विचारलेच जात नाही. स्टडली या अमेरिकी सर्जनने १९३६ साली जठराच्या अल्सरच्या रुग्णांची नोंद मांडली होती. वजन २० टक्क्यांहून जास्त घटलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के शस्त्रक्रियेनंतर दगावले, बाकीच्यांत हेच प्रमाण ३.५ टक्के होते. जखम सांधणारे कोलॅजन प्रथिनांपासून बनते, जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही प्रथिने लागतात. अन्नातून ती मिळाली नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडते. मग जखम चिघळते, आतड्याचा जोड गळू शकतो, आणि खोकून कफ काढण्याइतकीही ताकद उरली नाही तर न्यूमोनिया होतो.

१. घट मोजा. सहा महिन्यांपूर्वीच्या वजनातून आजचे वजन वजा करा, आलेल्या आकड्याला जुन्या वजनाने भागा, १०० ने गुणा. ६० किलोचा माणूस ५३ वर आला, तर घट जवळपास १२ टक्के. जुने वजन आठवत नसेल तर सैल झालेली अंगठी, पट्ट्याचे आत सरकलेले भोक यांवरून अंदाज येतो. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो. अंगाने स्थूल माणूसही कुपोषित असू शकतो, हे तर घरच्यांच्या ध्यानातच येत नाही.

२. आकडा सर्जनना सांगा. घट १० टक्क्यांच्या पुढे, बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) १८.५ च्या खाली, किंवा पाच दिवसांहून जास्त काळ खाणे जवळपास बंद, यांतले काहीही असले तरी आहारतज्ज्ञांची भेट मागा. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या रिपोर्टवरच फक्त विसंबू नका. जंतुसंसर्ग किंवा दाह असला तरी ते खाली येते. कुपोषण तीव्र असेल तर ७ ते १४ दिवस पोषण देऊन मगच शस्त्रक्रिया करणे हिताचे, अगदी कर्करोगातही. तातडीच्या शस्त्रक्रियेत अर्थातच थांबता येत नाही.

३. रोजचे माप ठरवा. साधारणपणे दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि १.५ ग्रॅम प्रथिने. ५५ किलोच्या माणसाला सुमारे १,४०० ते १,६५० कॅलरी आणि ८० ग्रॅमच्या वर प्रथिने. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात ८ ग्रॅम, यावरून ८० म्हणजे किती ते कळेल. भूक मेलेली असताना दोन वेळच्या भरल्या ताटाने हे साधत नाही. पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या आणि प्रथिनांचा पदार्थ आधी खाऊ द्या. पूरक पेय दोन खाण्यांच्या मध्ये, घोट घोट, जेवणाऐवजी नको. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असल्यास प्रथिनांचे माप डॉक्टरांकडूनच घ्या.

४. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरवू नका. अचानक भरपूर अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतात. हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन गरजेच्या निम्म्या किंवा त्याहून कमी कॅलरींनी सुरुवात करतात, रक्त तपासत हळूहळू वाढवतात.

५. उपास नेमका किती ते विचारा. 'रात्रीपासून पाणीसुद्धा नको' हा सरसकट नियम जुना झाला. जठर नीट रिकामे होत असेल, तर बहुतेकांना भुलीच्या ६ तास आधीपर्यंत हलके अन्न आणि २ तास आधीपर्यंत पाणी चालते. तुमच्यासाठीची वेळ भूलतज्ज्ञ ठरवतील.

६. नंतर लवकर सुरू करा. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरही अनेकांना २४ तासांच्या आत तोंडाने द्रव देता येते. 'सलाईन चालू आहे, म्हणजे पोषण मिळतेय' हा गैरसमज फार महागात पडतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या सलाईनच्या) एक लिटर बाटलीत फक्त १७० कॅलरी असतात, प्रथिने शून्य. साध्या सलाईनमध्ये कॅलरीही शून्य. तोंडाने पुरेसे जात नसेल तर नळीने अन्न देण्याबद्दल विचारा. घरी आल्यावर आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर वजन करा. ते उतरत राहिले किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता सर्जनना कळवा.