ऑटिझम असलेल्या पोराला राजवाड्यावर न्यायचं तर

इंदूरच्या बाबालोकांनो, संध्याकाळी राजवाड्यावर गर्दी नि हॉर्न इतके की आपलं पोर कान दाबून खाली बसतं, म्हणून सकाळी जा, दुकानं उघडायच्या आधी. आदल्या रात्री मोबाईलवर फोटो दाखवा, आधी गाडी मग राजवाडा मग पोहे-जलेबी मग घर, आणि तोच क्रम पाळा, वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तरी थांबायचं नाही. आवाज अडवणारे हेडफोन घ्याच. तरी बिथरलंच तर रागवू नका, समजावतही बसू नका, त्या वेळी त्याला ऐकायला जमतच नाही, शांत कोपऱ्यात न्या, कमी बोला, वेळ द्या, लोक बघतात तर बघू देत. आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा, दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे.