जखमी भटक्या कुत्र्यांच्या आजन्म सांभाळासाठी निधी उभारताय? या चुका टाळा

गाडीने उडवलेल्या कुत्र्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की ऑपरेशनचे पैसे बहुतेक वेळा जमतात. मणक्याला जबर मार बसलेला असेल तर ऑपरेशन होऊनही मागचे पाय अनेकदा परत येत नाहीत. मग त्याला पुन्हा रस्त्यावर सोडता येत नाही. पुढची आठ-दहा वर्षे तो निवाऱ्यातच काढणार असतो आणि त्या वर्षांसाठी पैसे कुणी मागितलेलेच नसतात.

ऑपरेशनचा आकडा सांगितला, सांभाळाचा राहिला

एका कुत्र्याचा महिन्याचा खर्च कागदावर मांडल्याशिवाय आवाहन करूच नका. उदाहरणादाखल १५ किलो वजनाचा, नसबंदी झालेला, मागचे पाय लुळे पडलेला कुत्रा धरा. हालचाल कमी असल्याने त्याला दिवसाला साधारण ६५० ते ७५० कॅलरी पुरतात, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम कोरडे खाद्य, महिन्याला ६ किलो. किलोला २०० रुपये धरले तर १,२०० रुपये. दिवसाला दोन अंडरपॅड (अंगाखाली अंथरायचे, लघवी शोषणारे पॅड), २५ रुपयांप्रमाणे १,५००. दहा कुत्र्यांमागे एक माणूस, सुट्टीच्या बदलीसह १८,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी १,८००. डॉक्टर, लस, जंतनाशक, गोचीडाचे औषध आणि अधूनमधून लागणारे अँटिबायोटिक मिळून सरासरी १,०००. भाडे, वीज, पाणी, फिनेल ५००. बेरीज ६,०००, वर्षाला ७२,०००.

खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो असे धरले तर आठ वर्षांचे होतात सुमारे ७ लाख १२ हजार. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, ते घालून हाच हिशोब करा. आवाहनात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा: ऑपरेशन इतके, त्यानंतर दरमहा इतके. ‘दरमहा ५०० रुपये देणारे १२ जण हवेत’ असे म्हटले की वाचणाऱ्याला आपला वाटा लगेच कळतो.

पगार लपवणे

‘तुमचा प्रत्येक रुपया थेट कुत्र्यांवर खर्च होतो’ असे लिहिले की देणगीदार खूश होतात. पुढे हिशोबात पगार दिसला की तेच दुखावतात. इथे संकोच नको, कारण पाय गेलेल्या कुत्र्याचा मुख्य उपचार माणसाच्या हातांनीच होतो.

मणक्याला मार बसलेल्या बऱ्याच कुत्र्यांना स्वतःहून लघवी करता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा मूत्राशय दाबून रिकामे करावे लागते. त्याला आधार देऊन उभे धरायचे, मागच्या पायांच्या जरा पुढे पोटाला दोन्ही बाजूंनी बोटांच्या सपाट भागाने धरायचे, भरलेल्या फुग्यासारखी गोल पिशवी हाताला लागली की हळूहळू शेपटीच्या दिशेने दाब वाढवायचा आणि धार संपेपर्यंत तो सोडायचा नाही. हे डॉक्टरांसमोर करून शिकायला हवे. झटका देऊन दाबले तर इजा होते. धार येतच नसेल तर जोर वाढवू नये, डॉक्टरांना दाखवावे. घाईत पिशवी अर्धीच रिकामी झाली तर संसर्ग होतो: लघवीला घाण वास, गढूळपणा, ताप. मग तपासणी आणि औषधांचे बिल वाढते.

शिवाय दर चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर कमरेच्या हाडावर चट्टा पडून जखम खोल जाते. ओले अंग पुसून कोरडे करायचे, नाहीतर मांड्यांची कातडी सोलवटते. हे सगळे रोज, दिवाळीच्या पाडव्यालाही. देणगीदारांना रक्ताळलेला फोटो पाठवण्यापेक्षा भिंतीवरचा तक्ता पाठवा: सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ७, रात्री ११, प्रत्येक वेळेसमोर सांभाळणाऱ्याची सही. पगाराची ओळ कशासाठी आहे हे त्यांना त्यातून समजते.

देणगी वैयक्तिक यूपीआयवर घेणे

सुरुवातीला सोपे वाटते, पण ही रक्कम त्या व्यक्तीच्या खात्यात तिच्या इतर पैशांत मिसळते. पुढे प्राप्तिकर खात्याने विचारले किंवा सहकाऱ्यांत बिनसले तर कुत्र्यांचे पैसे किती हे दाखवता येत नाही. नोंदणीकृत न्यास आणि त्याच्या नावाचे खाते आधी, क्यूआर कोड नंतर. नोंदणी होण्याआधीच लोकांकडून निधी गोळा करायचा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क बद्दल धर्मादाय आयुक्त कार्यालयात विचारा. नोंदणी नसलेली गणेश मंडळे वर्गणीसाठी याच कलमाखाली परवानगी काढतात.

करसवलतीची तक्रार ठरलेली असते: ‘पावती दिलीत, पण सवलत मिळाली नाही.’ कारणे सहसा चारच. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिलेली असते, पॅन चुकीचा लिहिलेला असतो, देणगीदाराने नवी करप्रणाली निवडलेली असते, किंवा संस्थेने देणग्यांचे वार्षिक विवरणपत्रच भरलेले नसते. शेवटचे कारण पूर्णपणे आपल्या हातात आहे. देणगी घेतानाच पूर्ण नाव, पॅन आणि पत्ता घ्या; वर्ष संपल्यावर अडीचशे लोकांना फोन करत बसणे कुणालाच जमत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुनी पावतीपुस्तके वापरण्याआधी सीएला दाखवा.

परदेशातल्या आप्तांकडून पैसे घेताना पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. तिकडचे नागरिकत्व घेतलेल्या मावशीची देणगी मात्र विदेशीच, तिच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे) कार्ड असले तरी. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेत खाते लागते. नोंदणी नसेल तर प्रेमाने नाही म्हणा.

पालकत्व एकाच कुत्र्याला बांधणे

गोंडस चेहऱ्याच्या पिल्लाला तीस पालक, म्हणजे दरमहा त्याचा खर्च देणारे लोक, मिळतात आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या काळ्या कुत्रीला एकही नाही. पालकत्वाच्या अर्जावरच लिहा, की रक्कम निवाऱ्यातल्या सर्वांच्या सांभाळासाठी एकत्र वापरली जाईल. आणि ते कुत्रे गेले तर पालकाला त्याच दिवशी फोन करा. काय झाले, शेवटी त्याला काय दिले, सगळे सांगा. दुसऱ्या कुत्र्याचे नाव लगेच पुढे करू नका, काही दिवस जाऊ द्या. जुना फोटो टाकून महिनोन्‌महिने पैसे घेत राहणे ही फसवणूक आहे, आणि ती उघडकीला आली की आजूबाजूच्या प्रामाणिक निवाऱ्यांनाही झळ बसते.

मासिक देणगी न सांगता बंद पडली तर माणूस नाराज झाला असे लगेच समजू नका. बऱ्याचदा खात्यात शिल्लक नसते, कार्डाची मुदत संपलेली असते किंवा बँक बदललेली असते. ऑटोपेची तारीख महिनाअखेरीस न ठेवता ३ ते ७ दरम्यान ठेवा. १० तारखेला न आलेल्या हप्त्यांची यादी काढून एकेकाला साधा निरोप पाठवा.

मोठ्या देणगीवर रोजचा खर्च चालवणे

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीत प्राणिकल्याण बसते, पण तो पैसा ठरावीक प्रकल्पासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी येतो. त्यातून एक्स-रे यंत्र, रुग्णवाहिका, न घसरणारी फरशी घ्या. पगार त्यावर ठेवलात तर मुदत संपताच माणसे जातात.

आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. वरच्या हिशोबाने वीस कुत्र्यांसाठी ७ लाख २० हजार. कायम निधी, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचा निधी, त्यानंतर. ७ टक्के व्याजातले निम्मे महागाईसाठी मुद्दलात ठेवायचे म्हटले, तर एका कुत्र्याचे ७२,००० निघायला साडेवीस लाखांहून अधिक मुद्दल लागते. म्हणून केवळ व्याजावर निवारा चालेल असे कुणाला सांगू नका. कायम निधीची देणगी घेताना देणाऱ्याकडून तसे लेखी घ्या आणि ती वेगळी दाखवा.

मागच्या पायांऐवजी चाके लावलेल्या चाकगाड्यांच्या देणगीतही असाच विचार करा. लोकांना त्या द्यायला आवडतात, पण कुत्रा दिवसभर गाडीत राहू शकत नाही. सुरुवातीला वीस-तीस मिनिटे पुरे, पट्टा काखेत घासतोय का हे प्रत्येक वेळी बघून. काही मापांच्या गाड्या आळीपाळीने वापरता येतात. म्हणून थोड्याच गाड्या घ्या आणि बाकीच्या देणगीदारांकडे पॅडच्या पेट्या मागा.

सगळ्यांनाच ‘आजन्म’ म्हणणे

तीन पायांवर धावणारा, जखम भरलेला कुत्रा बहुतेक वेळा घरात छान राहतो. काही आपल्या गल्लीतही रुळतात, फक्त तिथे खाऊ घालणारे आणि लक्ष ठेवणारे माणूस हवे. वेदना थांबतच नसतील तर काय करायचे हे पशुवैद्यांनी तपासून लेखी सांगावे. देणगी येत राहावी म्हणून कुणालाही ताटकळत ठेवू नये. राखीव रक्कम तीन महिन्यांच्या खर्चाखाली गेली की नवे कुत्रे दाखल करून घेणे थांबवा, तसे फलकावर लिहा, आणि फोन करणाऱ्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर द्या.