केपीएम फलक घेताना: मागचा ठसा आणि पुढचा हात

गाजलेल्या चित्रांच्या नकला रंगवलेले पोर्सिलेनचे फलक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत भरपूर निघाले. सर्वाधिक मागणी बर्लिनच्या केपीएम कारखान्याच्या (जर्मन नावाची आद्याक्षरं, अर्थ ‘राजेशाही पोर्सिलेन कारखाना’; स्थापना १७६३) फलकांना असते.

पहिलं काम म्हणजे फलक फ्रेममधून काढून पाहणं. विकणारा नाही म्हणाला तर तिथंच थांबा, कारण टवके आणि तडे कडेखालीच दडलेले असतात.

पाठीवर कारखान्याचं चिन्ह असलेला राजदंड आणि केपीएम (KPM) ही रोमन अक्षरं ओल्या मातीत दाबून उठवलेली हवीत. बोट फिरवलं की खोलगटपणा लागतो. नुसता रंगाने छापलेला शिक्का असेल तर संशय घ्या. पण खरा ठसासुद्धा एवढंच सांगतो की पांढरा फलक कुठे घडला. कितीतरी फलक कोरेच विकले जात आणि बाहेरचे चित्रकार ते रंगवत. म्हणून एकाच ठशापुढे अप्रतिम काम सापडतं, तसंच ओबडधोबडही. पैसे पुढच्या बाजूचे द्यावेत.

खिडकीच्या तिरप्या उजेडात दहापट भिंगाने चेहरा आणि हात तपासा. इथेच नवशिके फसतात: ठिपके दिसले की छापील समजतात. कुशल चित्रकारही त्वचेची छटा बारीक ठिपक्यांनीच चढवतो. मात्र त्याचे ठिपके लहानमोठे, वळणाप्रमाणे सरकणारे असतात. छपाईचे ठिपके जाळीसारखे एकसारखे. केस आणि कपड्यांवर कुंचला, चेहऱ्यावर जाळी, असा मिश्र मालही मिळतो. अठराव्या शतकातला स्विस चित्रकार लिओतार याच्या ‘चॉकलेट गर्ल’ या चित्राची नक्कल असेल तर ट्रेवरचा पाण्याचा पेला पाहा, काच आणि पाणी वेगळं दिसत नसेल तर हात कच्चा आहे.

रंग झिलईवर, म्हणजे पोर्सिलेनच्या काचेसारख्या चकचकीत थरावर असतात आणि थरागणिक भट्टीत पक्के होतात. आच कमी पडली तर रंग निस्तेज राहून घासला जातो. जास्त झाली तर लोहापासून केलेला लाल उडतो, मग ओठ फिके पडतात. नंतरची डागडुजी भट्टीत गेलेली नसते, त्यामुळे अतिनील दिव्याखाली तो भाग बहुधा वेगळा चमकतो. सुई टोचून किंवा अॅसिटोन लावून पाहू नका.

परत बसवताना चारही बाजूंना १-२ मिलिमीटर मोकळी जागा आणि फेल्टची पट्टी ठेवा: लाकूड दमटपणाने हलतं, पोर्सिलेन हलत नाही. मागे खिळा ठोकण्यापेक्षा पितळी क्लिपा हलक्या दाबाने लावा. पुसायला शुद्ध पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला मऊ सुती कपडा पुरे; मुलामा दिलेल्या फ्रेमला मात्र पाण्याचा थेंबही नको.