मुंबईत भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घेताना

घर शोधायच्या आधी भाडेकरू शोधा. म्हणजे खरोखर शोधा असं नाही, पण तुमच्या घरात कोण राहायला येणार, ते कुठे कामाला जाणार, त्यांची मुलं कुठल्या शाळेत असतील आणि महिना किती भाडं त्यांना झेपेल, हे डोळ्यांसमोर आणा. बहुतेक लोक आधी स्वतःला आवडलेलं घर घेतात आणि मग त्याला भाडेकरू बघत बसतात. स्वतःच्या राहत्या घरासाठी हे चालतं, भाड्याच्या घरासाठी नाही.

मी मुलुंड पूर्वेला राहते. नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली. आमचे दोन वन बीएचके बरीच वर्षं भाड्याने आहेत, एक मुलुंडलाच आणि एक भांडुपला. घरातली, सोसायटीतली मुलंमुली पगार जरा स्थिरावला की विचारायला येतात, "काकू, एक घर घेऊन भाड्याने टाकू का?" त्यांना मी आधी कागद-पेन घेऊन बसवते.

समजा, चारशे चौरस फूट कार्पेटचा (म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा) रिसेलचा वन बीएचके एक कोटीला मिळतोय. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून 6 टक्के, म्हणजे 6 लाख. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, म्हणजे सरळ लाखभर वाचतात. नोंदणी फी 30 हजार. एजंटचा एक टक्का धरा, 1 लाख. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे घर तुमच्या नावावर करून द्यायचे पैसे, जास्तीत जास्त 25 हजार; त्याहून जास्त कोणी "देणगी" म्हणून मागत असेल तर नियम दाखवा. रंग, प्लंबिंग, किचनचा ओटा नीट करायला 2 लाख. झाले सुमारे 1 कोटी 9 लाख 55 हजार. बँक कर्ज देताना मुद्रांक आणि नोंदणी किमतीत धरत नाही, आणि 75 लाखांच्या वरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. या घरावर 75 लाख कर्ज मिळालं असं धरलं, तरी तुमच्या खिशातून साडेचौतीस लाख आधी बाहेर पडतात.

आता उलट बाजू. भाडं 30 हजार धरलं तर वर्षाचे 3 लाख 60 हजार. त्यातून मेंटेनन्स साडेतीन हजारांप्रमाणे 42 हजार गेले. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षाला सरासरी महिनाभर घर रिकामं धराच, 30 हजार. दलाली आणि किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी 30 हजार. हातात राहिले 2 लाख 58 हजार. घातलेल्या पैशावर अडीच टक्केसुद्धा नाहीत. आणि 75 लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी महिना 65 हजारांच्या आसपास बसतो.

हा हिशेब बघून काही जण उठून जातात. ते बरोबरच आहे. कारण "भाड्यातून हप्ता निघेल" हे मुंबईत जवळजवळ कधीच होत नाही. भाडं हप्त्याला टेकू देतं, हप्ता भरत नाही. वरचे 35-40 हजार पुढची काही वर्षं, नोकरी गेली, बाळंतपण आलं, आईवडिलांचं आजारपण आलं तरीही भरता येतील का, याचं उत्तर हो असेल तरच पुढे वाचा. ज्यांच्याकडे निवृत्तीचे पैसे आहेत आणि कर्ज लागणार नाही, त्यांचं गणित वेगळं. त्यांना महिन्याचं भाडं हे उत्पन्न म्हणून चालतं, आणि ते दरवर्षी थोडं वाढतं.

आता भाडेकरू कोण, याकडे येऊ. मुंबईत सध्या सगळ्यात चांगला भाडेकरू म्हणजे रिडेव्हलपमेंटला गेलेल्या इमारतीतलं कुटुंब. मुलुंड, चेंबूर, विलेपार्ले, बोरिवली, कुठल्याही गल्लीत पाहा, जुन्या सोसायट्या पाडल्या जात आहेत. त्या कुटुंबांना बिल्डरकडून भाडं मिळतं. मुलांची शाळा, आजीचे डॉक्टर, भाजीवाला सगळं तिथलंच असतं, म्हणून त्यांना त्याच वॉर्डात, शक्यतो त्याच रस्त्यावर घर हवं असतं, तेही दोन-तीन वर्षांसाठी. अशा भागात लिफ्ट असलेल्या साध्या इमारतीतलं घर रिकामं राहत नाही. लिफ्ट नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर घेऊ नका. ज्या घरात आजी-आजोबा आहेत ते कुटुंब तिथे चढूनसुद्धा बघणार नाही.

टॉवरमधल्या स्विमिंग पूल आणि जिमला भाडेकरू थोडं जास्त देतो, पण मेंटेनन्स त्याहून जास्त खातो. स्टेशनपासून दहा मिनिटं चालत, सकाळी रिक्षा शोधावी लागत नाही, ही गोष्ट मुंबईत जिमपेक्षा मोठी आहे. "मेट्रो येणार आहे" या भरवशावर मात्र आजचा पैसा मोजू नका. मेट्रो 3 चं काम 2017 च्या सुमारास शहरभर दिसायला लागलं, आणि आरे ते कफ परेड पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. आमच्या एलबीएस रोडवर मेट्रो 4 चे खांब किती वर्षं बघतोय! भाडं गाडी धावायला लागल्यावर वाढतं, किंमत मात्र एजंट घोषणेच्या दिवशीच वाढवतो.

पहिलं घर तयारच घ्या, बांधकाम सुरू असलेलं नको. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, आणि हप्ता किंवा हप्त्याआधीचं व्याज चालूच. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी मिळालेल्या घराला जीएसटी नाही आणि पुढच्या महिन्यात भाडं सुरू होतं.

घर बघायला गेलात की फ्लॅटमध्ये शिरायच्या आधी तळमजल्यावरच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डासमोर पाच मिनिटं उभं राहा. एजंट "चला, वर चला" करत राहील, करू द्या. पाण्याची वेळ तिथे लिहिलेली असते. मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी लांबलचक असेल तर सोसायटीच्या खात्यात दुरुस्तीला पैसे नाहीत असं समजा. सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत रिडेव्हलपमेंट, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी), लिफ्ट बदलणे यांतला कुठला विषय आहे ते वाचा. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावंच लागतं. त्याचा अहवाल मागा. मोठी दुरुस्ती ठरलेली असेल तर घर घेतल्यावर पहिल्याच वर्षी दीड-दोन लाखांची वर्गणी तुमच्या नावावर लागेल, आणि ती भाडेकरूकडून घेता येणार नाही.

आणि घर पावसाळ्यात बघा. जुलैत एखादी सलग दोन दिवसांची झड लागली की त्यानंतर जा. बाथरूमच्या छताचे कोपरे, खिडकीच्या खालची भिंत, कपाटामागची बाजू हाताने दाबून बघा. ताजा रंग फक्त एकाच भिंतीवर असेल तर त्या भिंतीवर जास्त वेळ घालवा. उन्हाळ्यात सगळी घरं कोरडी आणि सुंदर दिसतात.

कागदपत्रांत मी कुणालाच सूट देत नाही. मूळ बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतची सगळी करारपत्रं, प्रत्येक नोंदणीकृत आणि मुद्रांक भरलेली. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला. सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. ओसी. वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे घरावर कुणाचा दावा किंवा बोजा आहे का याची जुन्या नोंदींतून केलेली तपासणी. विकणाऱ्यावर कर्ज असेल तर बँकेचं पत्र. मालक परदेशात राहत असेल तर थांबा आणि आधी सीएला विचारा: 50 लाख किंवा त्यावरच्या घराच्या किमतीतून खरेदीदाराला 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावाने आधीच कापायचा आयकर) कापून भरावा लागतो, पण विकणारा अनिवासी असेल तर हा दर कितीतरी जास्त होतो, आणि कापला नाही तर सरकार तुम्हाला धरतं.

स्वस्त म्हणून तीन गोष्टी नव्या माणसापुढे येतात: पागडीची खोली, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या) पुनर्वसन इमारतीतलं घर, आणि नोटरीवर किंवा पॉवर ऑफ ॲटर्नीवर विकली जाणारी चाळीतली खोली. पागडीत तुम्ही मालक होत नाही, भाडेकरूच होता. एसआरएचं पुनर्वसनातलं घर ठरलेली मुदत संपेपर्यंत विकता येत नाही, आणि नंतरही प्राधिकरणाची परवानगी लागते. नोटरीच्या शिक्क्याने मालकी मिळत नाही. तिन्ही नको.

एक सोपी गोष्ट फायद्याची आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंत कार्पेट असलेल्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. 490 आणि 520 चौरस फुटांच्या घरांत निवडायचं असेल तर भाड्यासाठी मी 490 चं घेईन.

आता करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. "अकरा महिन्यांना गरज नाही" हे महाराष्ट्रात खरं नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल समोरच्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. खर्च किती? 30 हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने असेल तर मुद्रांक साडेआठशेच्या आसपास आणि नोंदणी फी एक हजार. वर करार करून देणाऱ्याचे पैसे. हा खर्च वाचवायला जे साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात, ते कोट्यवधीचं घर उघड्यावर ठेवतात.

हल्ली नोंदणी घरबसल्या होते. करारवाला लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, जेवणाच्या टेबलावर सगळे बसतात, आधार नंबर टाकून एकेकाचा अंगठा लागतो. वयस्कर माणसांचे, किंवा हाताने काम केलेल्यांचे ठसे लवकर उमटत नाहीत. बोटं ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, दुसरं बोट लावून बघायचं. घाई करू नका, आणि अंगठा लावायच्या आधी मसुदा भाडेकरूला शांतपणे वाचू द्या. त्याला न कळलेली अट नंतर तुमच्याच डोक्याला ताप होते.

मसुद्यात मी नेहमी काय घालते ते सांगते. मुदत 24 किंवा 36 महिने, दरवर्षी 5 टक्के वाढ, पहिले अकरा महिने लॉक-इन, म्हणजे तेवढ्या काळात करार मोडायचा नाही. मेंटेनन्स कोण भरणार. वीज आणि गॅसचं बिल भाडेकरूने. आतल्या वस्तूंची यादी: पंखे किती, गीझर कुठला, किल्ल्यांचे जोड किती, वीज मीटरचं रीडिंग. ताबा देताना घराचा व्हिडिओ काढते आणि दोघांच्या फोनवर ठेवते. डिपॉझिट परत करताना होणारी अर्धी भांडणं त्या व्हिडिओने मिटतात.

सोसायटीला कराराची प्रत द्या. पोलिसांना भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर भरता येते, ती भरल्याची पावती जपून ठेवा. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणूनचे पैसे, लावेल. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नसतो. बिलात हजार-दीड हजार या नावाने दिसले तर 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाचा हवाला देऊन पत्र लिहा. लग्न न झालेल्या मुली नकोत, अमुक जातीधर्माचे नकोत असलं कोणी सांगायला लागलं तर ऐकू नका. भाडं वेळेवर देणं आणि घर नीट ठेवणं या दोनच गोष्टी बघायच्या. भांडुपच्या घरात नर्सचं काम करणाऱ्या तीन मुली राहून गेल्या. इतकं स्वच्छ घर मला पुन्हा कोणी परत दिलं नाही.

हेवी डिपॉझिटचा मोह होईल. आठ-दहा लाख एकदम हातात, भाडं नाही किंवा नाममात्र. ते कर्ज आहे, उत्पन्न नाही; करार संपला त्या दिवशी सगळे परत द्यायचे. कर्जाच्या हप्त्यात किंवा लग्नकार्यात वापरले की पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत आधीचा हलत नाही. पहिल्या घराला दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि पूर्ण भाडं, एवढंच ठेवा. डिपॉझिटही वेगळ्या मुदत ठेवीत.

भाडं बँकेतच घ्या आणि विवरणपत्रात दाखवा. भाड्यातून भरलेला महापालिका कर वजा होतो, उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, मग कर्जाचं व्याज. व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर जुन्या करप्रणालीत 2 लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो; नव्या प्रणालीत येत नाही. कर्ज मोठं असेल तर दोन्ही प्रणालींचा हिशेब सीएकडून करून घ्या.

मुदत संपत आली की दोन महिने आधी भाडेकरूशी बोला. राहायचं असेल तर जुना करार संपायच्या आतच नवा करार, सोसायटीला नवी प्रत, पोलिसांकडे नवी नोंद. "चालू दे तसंच" करू नका. जायचं म्हणून गेला नाही, तर पाणी-वीज तोडायला किंवा कुलूप बदलायला जाऊ नका. केस तुमच्यावरच उलटते. नोंदणीकृत करार हातात असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे करार हाच पुरावा धरला जातो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. बहुतेक वेळा वकिलाच्या नोटिशीत हे कलम वाचल्यावरच माणूस सामान बांधायला लागतो.