फॉन्टवर नेमका अभिप्राय हवाय? दुसऱ्याकडून वाचून घ्या

नवा देवनागरी फॉन्ट दाखवून ‘कसा वाटतो?’ विचारलं की ‘छान आहे’ एवढंच ऐकू येतं. त्यावरून काय सुधारणार?

१. धामापूर, घोटगे, भेडशी, मसुरे, खारेपाटण अशी सिंधुदुर्गातल्या गावांची नावं १० पॉइंटमध्ये कागदावर छापा.

२. दापोली-गुहागरकडच्या कुणालातरी मोठ्याने वाचायला द्या. ओळखीचा शब्द माणूस अंदाजाने वाचून टाकतो. लांबच्या गावाचं नाव अक्षरं बघूनच वाचावं लागतं. ध-घ, भ-म, ख-रव यांतला गोंधळ लगेच उघडा पडतो. अडखळतील तिथे पेन्सिलीने खूण करा, मध्ये बोलू नका.

३. तारीख घालून कागद जपा. पुढची आवृत्ती याच मजकुरात छापा, पण वाचक नवा घ्या.

एकच जण अडखळला म्हणून अक्षर बदलू नका. आणि ‘व’ला हात लावलात तर त्याच आकारावर बेतलेले ‘ब’ आणि ‘क’सुद्धा तपासा.