ग्वाल्हेरहून आइस हॉकीचा गोली (गोलकीपर) व्हायचंय? आधी हे वाचा

पायाचे पॅड, स्टिकच्या हातातला ब्लॉकर, झेलायचा ग्लोव्ह म्हणजे ट्रॅपर, हे तुम्हाला माहीतच असेल, जास्त सांगत बसत नाही. ग्वाल्हेरची पोरं बहुतेक टर्फवरच्या हॉकीतूनच येणार, शेवटी हॉकीवाल्या रूपसिंगांचं गाव, आणि गोची तिथेच होते. पकचं, म्हणजे बर्फावरच्या चपट्या रबरी चकतीचं, वजन 156 ते 170 ग्रॅम, आपल्या बॉलच्याच आसपास, त्यामुळे वाटतं आपल्याला जमतंच की. नाही जमत.

टर्फवर हाताला काय सवय लागलेली असते? अडव आणि लांब ढकल. बॉल पकडायचा नाही, अंगाखाली घेऊन झोपायचं नाही, झोपलात की पेनल्टी. बर्फावर बरोब्बर उलटं. पक ट्रॅपरमध्ये धरा नाहीतर अंगाखाली दाबा, शिट्टी वाजते, फेसऑफ होतो (दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू), टीमला दम खायला मिळतो. (कोणी अंगावर येत नसताना उगाच दाबलात तर मात्र तुमच्यावरच पेनल्टी.) मी कित्येक दिवस पॅडने पक समोर मारत होतो, अगदी टर्फवर किकरने (गोलकीपरच्या बुटावरच्या पॅडने) मारतो तसा, आणि समोरचा फॉरवर्ड तर त्याचीच वाट बघत असतो! डाइव्हचंही तेच. आपला गोल 3.66 मीटर रुंद, उडी मारावीच लागते, आइस हॉकीचा 1.83, बरोब्बर अर्धा, तिथे थोडं पुढे येऊन पककडे छाती करून उभं राहिलं की बराचसा गोल झाकलाच जातो. उडी मारलीत तर एवढं सगळं धूड घेऊन उठेपर्यंत रिबाउंड, म्हणजे आपटून परत आलेला पक, आत.

बरं, गोलीला स्केटिंग कमी लागतं हे कोणी सांगितलं तर त्याचं पुढचं काहीच ऐकू नका. कॉलनीतल्या रस्त्यावर इनलाइन (चाकांचे स्केट) घालून पाय तयार होतात, पण चाकं आडवी घसरत नाहीत, त्यामुळे बटरफ्लाय स्लाइड (गुडघ्यांवर बसून, पॅड बाजूला पसरून आडवं घसरणं) बर्फाशिवाय येत नाही, व्हिडिओ कितीही बघा. ‘डायरेक्ट इंडिया कॅम्पला पाठवतो’ म्हणणाऱ्यांना तर पैसेच देऊ नका.

घाबरवत नाहीये. लडाखची पोरं लहानपणापासून स्केटवर असतात, आर्मी आणि आयटीबीपीच्या टीम तगड्या आहेत, उशिरा सुरू करणाऱ्याला हे जड जातंच. पण 2025च्या आशिया कपमध्ये आपल्या मुलींनी ब्राँझ आणलं, तेही घरी वर्षातले जेमतेम काही आठवडे नैसर्गिक बर्फ मिळत असताना. आणि टर्फवरची नजर, शॉटला न घाबरणं, हे फुकट जात नाही, खरंच.

लेहला जाल तेव्हा पहिले दोन दिवस नुसते पडून काढा, 3500 मीटर उंची आहे. ‘चल, लगेच रिंकवर’ म्हणणारा एक दादा प्रत्येक कॅम्पात असतोच, त्याला सरळ नाही म्हणायचं.